मूलाग्र शस्त्रक्रियेचे फलित : एक मागोवा

दाताच्या आतील मज्जा जंतुसंसर्गाने मृत झाली म्हणजे मुळातील पोकळी, म्हणजेच मूलनलिका, साफ करून भरतात. हा रूट कॅनॉल उपचार करूनही मुळाच्या टोकाभोवतीच्या हाडातील दाह शमला नाही, तर हिरडी उघडून ते टोक कापण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे मूलाग्रछेदन, केली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेस्लाऊ येथे कार्ल पार्त्श यांनी तिला पद्धतशीर रूप दिले. मात्र 1910 मध्ये विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियल येथे केलेल्या भाषणानंतर तोंडातील संसर्गामुळे सर्व शरीर आजारी पडते हा समज बळावला आणि वाचवता येण्याजोगे असंख्य दातही उपटले गेले.

दात वाचवण्याचा विचार पुन्हा रुजल्यावर ही शस्त्रक्रिया दीर्घकाळ एकाच साच्यात होत राहिली : मूळ तिरपे, सुमारे 45 अंशांत कापायचे, साध्या ड्रिलने खाच करायची आणि ती पारामिश्रित अमाल्गमने बुजवायची. मूलनलिकेतील जंतू हेच दाहाचे मूळ कारण असल्याचे 1965 मध्ये जंतुमुक्त उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले, तेव्हा या पद्धतीतील उणीवही उघड झाली. कारण तिरप्या कापामुळे दाताच्या कठीण थरातील सूक्ष्म नळ्या अधिक उघड्या पडत, खाच मूलनलिकेच्या रेषेत नसे आणि अमाल्गमच्या कडेने जंतूंना वाट मिळे. याच काळात, 1972 मध्ये, रूड व अँड्रियासन यांच्या गटाने क्ष-किरण चित्रांवरून पूर्ण भरून येणे, व्रणासह अपूर्ण भरणे, अनिश्चित आणि असमाधानकारक अशा चार श्रेणी ठरवल्या, त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांतील निष्पत्ती एकाच मापाने तोलता येऊ लागली.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, मुळाच्या अक्षात खाच करणारी अल्ट्रासॉनिक टोके आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी विकसित केलेले, ओलाव्यातही घट्ट होणारे मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट अशी तीन साधने एकत्र आली. शेवटचे सुमारे 3 मिलिमीटर मूळ जवळजवळ सरळ कापले जाऊ लागले, कारण मूलनलिकेचे बहुतेक सूक्ष्म फाटे त्याच भागात असतात. सेत्सर व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात पारंपरिक पद्धतीचे यश 59 टक्के, तर सूक्ष्मदर्शकाखालील पद्धतीचे 94 टक्के आढळले.

हे आकडे वाचताना पाठपुराव्याचा काळ मात्र विसरता येत नाही. रुबिन्स्टाइन व किम यांनी 1999 मध्ये वर्षभरातील यश 96.8 टक्के नोंदवले, परंतु भरून आलेल्या दातांपैकी तपासणीसाठी उपलब्ध झालेले दात पाच ते सात वर्षांनी पाहता 91.5 टक्केच तसे टिकले होते. क्विस्ट व राइट यांच्या, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश चाचणीत पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया पुन्हा केलेल्या रूट कॅनॉलपेक्षा सरस ठरली, पण चौथ्या वर्षी दोहोंत लक्षणीय फरक उरला नाही.

शतकभराच्या या वाटचालीतून इतके निश्चित होते की मुळाचे टोक कापणे हा उपचाराचा केवळ बाह्य भाग आहे आणि जंतूंची वाट कायमची बंद करणे हा त्याचा गाभा आहे. म्हणून पहिल्या वर्षीच्या क्ष-किरण चित्रावर समाधान न मानता रुग्णाला पुढील कित्येक वर्षे तपासणीस बोलावणे, हा या शस्त्रक्रियेचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.