जात्यावरचे गाणे, पंचमीचा फेर

श्रावण शुद्ध पंचमी हा लेकीबाळींचा सण. पाटावर नागदेवतेचे चित्र रेखावे, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवावा, त्या दिवशी जमीन खणू नये, चिरू-कापू नये, तव्यालाही विसावा द्यावा, आणि मग झोके बांधून व फेर धरून गाणी गावीत, अशी रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. ही गाणी रचली कोणी, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. रचणारी होती ती कोणी कवयित्री म्हणवणारी नव्हती. दळणकांडण करणारी आपल्यातलीच एक गृहिणी होती.

अशा गृहिणींपैकी एकीचे नाव मात्र आज सर्वतोमुखी आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला, तोही नागपंचमीच्याच दिवशी. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले, मुलांचा आणि शेतीचा भार शिरावर पडला. कागद-लेखणीवाचून त्या गाणी रचीत तरी कशा, याचे आम्हांस फार नवल वाटे. विचार करता असे दिसते की, काम हाच त्यांचा ताल होता. जात्याचा खुंटा हाती धरला की पाळीच्या प्रत्येक फेऱ्यासरशी शब्दांनाही फेरा मिळतो. त्यांच्या पुष्कळशा रचना आठ-आठ अक्षरांच्या चरणांत सहज बसतात, त्या छंदशास्त्र शिकून नव्हे, तर हाताच्या आणि श्वासाच्या लयीमुळे. विषयही दूरचे नाहीत : पेरणी, सुगरणीचा खोपा, घरचे जाते, संसार आणि ओढाळ मन.

परंतु गाणे सुचणे निराळे आणि ते दुसऱ्याच्या हाती देणे निराळे. पहाटेच्या दळणात जन्मलेले गाणे पीठ भरता भरता विरून जाते. बहिणाबाईंचे पुत्र कवी सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी कान देऊन काही गाणी टिपून ठेवली म्हणून ती वाचली. जी टिपली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखविले. हे धन महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे योग्य नव्हे, असे अत्र्यांनी निक्षून सांगितले, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह त्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ही गाणी घरोघरी पोहोचली. ज्या माउलीने ती रचली, तिला मात्र आपले पुस्तक पाहावयास मिळाले नाही, ही हुरहुर राहतेच.

वाचकहो, आपले गाणे ते काय आणि ते चारचौघांत म्हणावे ते कशाला, हा संकोच पुष्कळांना असतो. तो कसा सोडावा हे पंचमीचा फेर शिकवितो. एकजणीने ओळ उचलावी, बाकीच्यांनी ती झेलावी, तिसरीने पुढची जोडावी. ओवीचीही हीच रीत. एकच ओवी गावोगाव फिरते आणि प्रत्येक बहीण तीत आपल्याच भावाचे नाव गुंफते. तेथे माझे-तुझे उरत नाही. देवापुढे ठेवलेला नैवेद्य प्रसाद म्हणून वाटला जातो, तसेच गाण्याचे आहे.

मात्र देणाऱ्याइतकाच घेणाराही सावध हवा. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ सिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आता घरोघरी पीठ गिरणीतून येते, जाती मुकी झाली आहेत. ज्यांच्या कंठात ती गाणी आहेत, अशा आजीबाई अजून कितीएक घरांत आहेत.

तेव्हा यंदाच्या पंचमीला पूजा आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्या बाईंपाशी वही घेऊन बसावे. त्या म्हणतील ते त्यांच्याच बोलीत, शुद्ध करण्याच्या मोहात न पडता उतरून घ्यावे, खाली त्यांचे आणि गावाचे नाव लिहावे. आणि घरात कोणी सून-लेक गुपचूप गाणे रचीत असेल, तर संध्याकाळच्या फेरात पहिली ओळ तिला उचलू द्यावी.