‘जुगाडू कमलेश’ला नाही म्हणणारे शार्क चुकले का? ४० टक्क्यांचा हिशेब समजून घ्या

जालना : टीव्हीवरचं ते पर्व संपून वर्षं झाली, पण मालेगावकडच्या कमलेश घुमरेचा व्हिडिओ अजूनही गावागावातल्या ग्रुपवर फिरतो. व्हिडिओ आला की वाद ठरलेला. एक म्हणतो, "शेतकऱ्याच्या पोराला नाही म्हणणाऱ्या त्या शार्क लोकांनाच शोमधून बाहेर काढायला पाहिजे." दुसरा म्हणतो, "ज्यानं पैसे दिले त्यानं तरी काय उपकार केले? ४० टक्के कंपनी लिहून घेतली की!"

दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. बचत गट, शेतकरी कंपनी किंवा भागीदारीत दुकान, गिरणी, डाळ मिल टाकायचा विचार असलेल्यांनी तर हा हिशेब नक्की समजून घ्यावा.

आधी कार्यक्रमातला फरक

धंद्यावरचे टीव्ही कार्यक्रम मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार अमेरिकेतल्या ‘द अप्रेंटिस’चा. तो २००४ मध्ये सुरू झाला आणि डोनाल्ड ट्रम्प त्यात मालकाच्या खुर्चीत बसायचे. स्पर्धकांच्या टोळ्या पाडायच्या, त्यांना काम द्यायचं, आणि जी टोळी हरेल तिच्यातल्या एकाला घरी पाठवायचं. तिथं वाद एकच असतो: टोळीचा म्होरक्या जायला पाहिजे, की ज्यानं प्रत्यक्ष चूक केली तो?

दुसरा प्रकार ‘शार्क टँक’चा. आपल्याकडे त्याचं पहिलं पर्व २० डिसेंबर २०२१ पासून सोनी वाहिनीवर दाखवलं गेलं. यात कुणी स्पर्धक दर आठवड्याला बाद होत नाही. माणूस आपला धंदा मांडतो आणि समोर बसलेले उद्योजक स्वतःचे पैसे लावायचे की नाही ते ठरवतात. ज्याला पटत नाही तो "मी आऊट" म्हणतो. म्हणजे बाहेर होतो तो शार्क, धंदा मांडणारा नाही. आपल्याकडच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट निसटते.

कमलेशच्या बाबतीत काय झालं?

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कापसात फिरणं काय असतं, हे जाफराबाद-भोकरदनच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. खांदे भरून येतात, औषध अंगावर उडतं. कमलेशनं सायकलीच्या चाकाचा वापर करून ढकलत न्यायची फवारणी गाडी तयार केली होती. तिच्यावर त्यानं कित्येक वर्षं घालवली होती.

त्यानं मागितले ३० लाख रुपये आणि बदल्यात देऊ केला कंपनीतला १० टक्के हिस्सा. १० टक्क्यांचे ३० लाख म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत झाली ३ कोटी. बाकीच्या शार्कनी पैसे लावले नाहीत. लेन्सकार्टचे पियुष बन्सल यांनी मात्र प्रस्ताव दिला: ४० टक्के हिस्स्यासाठी १० लाख रुपये, आणि वर २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज. कमलेशनं तो मान्य केला.

आता किंमत काढा. ४० टक्क्यांचे १० लाख, तर शंभर टक्क्यांचे २५ लाख. ३ कोटीवरून थेट २५ लाख. काही जण म्हणतात, "३० लाख मिळाले ना, मग ४० टक्क्यांना ३० लाख धरा." तसं धरता येत नाही. २० लाख हे कर्ज आहे, ते परत करायचं असतं. हिस्स्याचे पैसे फक्त १० लाख.

नाही म्हणणाऱ्यांची बाजू

आपल्याला राग येतो, पण पैसे लावणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्या दिवशी कमलेशकडे कल्पना होती, मेहनत होती, शेतीची जाण होती. विक्रीचा भक्कम हिशेब मात्र नव्हता. एक गाडी हातानं बनवणं वेगळं आणि कारखान्यात हजार गाड्या काढून त्या विकणं, दुरुस्ती करणं, सुटे भाग पुरवणं वेगळं. त्यात ३ कोटी किंमत सांगितली की धंदा पाहणारा माणूस थबकणारच.

ज्याला शेती अवजारातलं कळत नाही त्यानं भावनेच्या भरात पैसे लावले आणि पुढं फोनही उचलला नाही, तर त्याचा उपयोग काय? त्यापेक्षा सरळ "मला जमणार नाही" म्हणणं प्रामाणिक. त्यामुळे नुसतं आऊट झाले म्हणून त्यांना दोष देता येत नाही. हां, नाही म्हणताना समोरच्याचा पाणउतारा कुणी केला, तर त्याला जरूर बोल लावा. नकार देणं चूक नाही, अपमान करणं चूक आहे.

४० टक्के जास्त झाले का?

हे समजायला आपली बटई आठवा. बटईदार शेत करतो, मालक जमीन आणि खर्चातला वाटा देतो, पीक वाटून घेतात. पीक गेलं तर दोघांचंही गेलं. ठोक्यानं शेत घेतलं तर मात्र पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते.

हिस्स्याचे पैसे बटईसारखे असतात. धंदा बुडाला तर पैसे लावणाऱ्याचेही बुडतात, तो तुमच्या दारात वसुलीला येत नाही. कर्ज ठोक्यासारखं असतं, ते फेडावंच लागतं. कमलेशच्या सौद्यात दोन्ही होतं.

त्यातलं कर्ज बिनव्याजी होतं, हा मोठा फायदा. समजा तेच २० लाख १२ टक्क्यांनी काढले असते, तर पहिल्या वर्षाचं व्याजच २ लाख ४० हजार झालं असतं. नवीन धंद्याला एवढा भार पेलणं अवघड.

दुसरी बाजूही पाहा. उद्या कंपनीला १० लाख नफा झाला आणि तो वाटायचा ठरला, तर ४ लाख भागीदाराचे. आणि हे एका हंगामापुरतं नाही, हिस्सा त्याच्याकडे असेपर्यंत चालतं. बटई दरसाल मोडता येते, कंपनीतला हिस्सा सहज परत मिळत नाही.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. कंपनीत साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो, म्हणजे ६० टक्केवाल्याची रोजच्या कारभारात चालते. पण कंपनीची नियमावली बदलण्यासारख्या मोठ्या गोष्टींना विशेष ठराव लागतो. त्याला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूनं हवीत. ४० टक्केवाला असा ठराव एकटा अडवू शकतो. १० टक्केवाल्याला ते जमत नाही. म्हणून टक्के सोडताना फक्त नफ्याचा नाही, अधिकाराचाही वाटा आपण देतो.

मग सौदा चुकला का? हातात विक्री नसताना, अनुभवी माणूस पाठीशी मिळत असताना, कमलेशसाठी तो चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्याचा धंदा चालू आहे, महिन्याला गिऱ्हाईक ठरलेलं आहे, त्यानं हाच आकडा मान्य केला तर तो घाट्यात जाईल.

नकार म्हणजे शेवट नाही

अमेरिकेच्या ‘शार्क टँक’मध्ये २०१३ साली जेमी सिमिनॉफ हे दाराच्या बेलला कॅमेरा लावलेलं यंत्र घेऊन आले आणि सौद्याविना परत गेले. पुढं त्यांची कंपनी ‘रिंग’ झाली आणि २०१८ मध्ये अॅमेझॉननं ती विकत घेतली.

आपल्या जालन्याचंच पाहा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको सुरू केली, तेव्हा ना टीव्ही होता ना शार्क. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या शेतकऱ्यानं बियाणं पेरून पाहिलं, त्याचा विश्वास हेच त्यांचं भांडवल होतं.

आणि टीव्हीवर हात मिळवला म्हणजे पैसे खात्यात आले, असंही समजू नका. नंतर कागदपत्रं, हिशेब तपासले जातात. त्यात काही सौदे बदलतात, काही मोडतात.

भागीदार घेण्याआधी एवढं करा

– मागच्या वर्षाची विक्री, खर्च आणि नफा वहीत लिहा. वही नसेल तर आजपासून घाला.
– पैसे कशाला हवेत ते ठरवा. यंत्र, कच्चा माल यासाठी आधी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नवीन उद्योगासाठी ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला व इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. अनुदानापायी टक्के सोडावे लागत नाहीत.
– भागीदार कितीही जवळचा असो, मेहुणा असो की मित्र, लेखी करार करा. कोण काय काम करणार आणि कुणाला निघायचं असेल तर हिशेब कसा होणार, हे त्यात असू द्या.
– गटाची ऑर्डर चुकली तर लगेच कुणाला काढू नका. निर्णय कुणी घेतला, काम कुणी केलं आणि पैसे कुठं अडकले, हे तीन प्रश्न आधी विचारा. बऱ्याचदा दोष पापड लाटणाऱ्या बाईचा नसतो, दर न ठरवता ऑर्डर घेणाऱ्याचा असतो.

पुढच्या वेळी ग्रुपवर तो व्हिडिओ आला, तर कोण बाहेर जायला पाहिजे होतं यावर जरूर वाद घाला. फक्त वादाआधी एकदा मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा.