रेषेबाहेरचा आवाज : कबड्डीतील प्रशिक्षक आणि पंचांचा समतोल

लालबाग-परळपासून दादर-प्रभादेवीपर्यंत पसरलेल्या गिरणगावात कबड्डीचा सामना पाहणाऱ्याचे लक्ष चढाईवर खिळलेले असते. सामना चालवणाऱ्या पंचाला मात्र त्यातले काही लक्ष क्रीडांगणाबाहेर, बाकावर जागा दिलेल्या पण क्वचितच बसून राहणाऱ्या प्रशिक्षकासाठी राखून ठेवावे लागते. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, चढाई ३० सेकंदांत संपवावी लागते, आणि एवढ्या तोकड्या वेळात बाहेरून आलेला एखादा शब्दही चढाईपटूने बोनस रेषा ओलांडावी की मध्यरेषेकडे परतावे हे ठरवून टाकू शकतो. म्हणूनच खेळ चालू असताना बाहेरून सूचना देणे नियमांनी गैरवर्तनात मोडले आहे, आणि पंचांच्या निर्णयाविषयी वारंवार तक्रार करणे किंवा त्यांच्याकडे बोट दाखवणे हेही त्याच यादीत आहे.

या खेळात एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक असतात. पकड झाली की सुटली, स्पर्श झाला की नाही हे ठरवणे सामान्यतः दोन पंचांचे काम असून, त्यांच्यात मतभेद झाल्यास किंवा विशेष प्रसंगी सरपंच हस्तक्षेप करतो. ‘सरपंच’ हा शब्द मराठी कबड्डीने गावगाड्यातून उचलला, आणि त्याच्याबरोबर एक गृहीतकही नकळत आले, ते असे की न्याय देणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असतो व ती ओळखच त्याच्या निःपक्षपातीपणाची हमी असते. गिरणगावात हे गृहीतक चटकन कसोटीला लागते. गिरण्यांच्या काळात वाढलेल्या मंडळांमध्ये आणि व्यायामशाळांमध्ये घडलेला खेळाडू पुढे प्रशिक्षक होतो, त्याचा जुना सहकारी पंच परीक्षा देऊन शिट्टी हाती घेतो, आणि दोघे एकाच स्पर्धेत समोरासमोर येतात. अशा वेळी प्रशिक्षकाने मारलेली ‘अरे’ची हाक ही सलगी आहे की दबाव, हे कोणतेही नियमपुस्तक सांगू शकत नाही. कबड्डीप्रेमींना ही आपुलकी प्रिय असली, तरी दुसऱ्या संघाच्या बाकावरून ती निराळीच दिसते.

याउलट बास्केटबॉलने प्रशिक्षकाचे वर्तन ओळखीपाळखीवर न सोडता त्याचे स्वतंत्र खातेच उघडले आहे. हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी रचला. दक्षिण मुंबईत त्याची घट्ट मुळे नागपाड्यात आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक यांपैकी एका वेळी एकालाच उभे राहता येते, तेही बाकाच्या आखलेल्या क्षेत्रात. खुद्द प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाबद्दल ‘सी’ आणि बाकावरील इतरांच्या गैरवर्तनाबद्दल ‘बी’ अशी नोंद गुणपत्रकात होते. दोन ‘सी’ झाल्या, किंवा तिन्ही ‘बी’ अथवा त्यांत एक ‘सी’ अशा तीन नोंदी जमल्या, की प्रशिक्षकाला उरलेल्या सामन्यासाठी बाहेर जावे लागते. त्याहून बोलकी तरतूद अशी की या तांत्रिक दोषाबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक मुक्त फेक मिळते, परंतु तो दोष संघाच्या दोषसंख्येत धरला जात नाही, म्हणजे प्रशिक्षकाच्या तोंडाळपणाचा भार खेळाडूंच्या बचावावर पडत नाही. शिवाय किरकोळ, अजाणता घडलेल्या आणि खेळावर परिणाम न करणाऱ्या उल्लंघनाकडे दुर्लक्ष करण्याची किंवा ताकीद देण्याची मुभा पंचांना आहे. ताकिदीनंतर तेच पुन्हा घडले तर मात्र ती मुभा संपते.

कबड्डीकडे हिरव्या, पिवळ्या आणि लाल कार्डांची चढती पायरी आहे : हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटांच्या निलंबनाचे, लाल सामन्यातून बाद करण्याचे. पायऱ्या स्पष्ट असल्या, तरी पहिली पायरी केव्हा चढायची हा प्रश्न उरतोच, आणि विसंगती नेमकी तिथेच शिरते. पाचव्या मिनिटाला खपवून घेतलेली आरडाओरड अडतिसाव्या मिनिटाला, गुण बरोबरीत असताना, अचानक कार्डास पात्र ठरली, तर ते कार्ड नियमाला धरून असूनही अन्यायाचे वाटते, आणि तसे वाटण्यात प्रशिक्षकाची फारशी चूक नसते. समतोल म्हणजे दोन्ही बाकांना मोजून सारखी कार्डे देणे, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. एक प्रशिक्षक दहा वेळा ओरडला आणि दुसरा एकदा, तर दोघांना एकेक कार्ड देणारा पंच समदर्शी नसून भित्रा असतो. त्याहून घातक असते ती भरपाई, म्हणजे आधीची चूक कळल्यावर पुढच्या चढाईत तिचा फटका बसलेल्या संघाच्या बाजूने झुकणे, कारण त्यातून ओरडल्याने गुण मिळतो हाच धडा बाकाला मिळतो.

प्रशिक्षकाला बोलण्यासाठी नियमांनी रास्त जागा दिलेली आहे. प्रत्येक डावात संघाला ३० सेकंदांचे दोन विश्रांतिकाल मिळतात आणि ते सरपंचाच्या परवानगीने प्रशिक्षकही मागू शकतो. खेळ असा थांबलेला असताना विचारलेल्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देणाऱ्या पंचाला चढाईच्या वेळी कडक राहणे सोपे जाते, तर कधीच न ऐकणाऱ्या पंचाचा कडकपणा निव्वळ ताठरपणा ठरतो.

तरीही प्रत्येक वादात दोष बाकाचा नसतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेतील कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे झटापट सुरू झाल्यावरच खेळात धरल्या जाणाऱ्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागोमाग तिथे शिरले. एकटा चढाईपटू बाद की बचावपटूही बाद, याबाबत जुना आणि नवा नियम वेगवेगळे उत्तर देत होते. निर्णय अनेकदा फिरला, दोन्ही बाजूंचे खेळाडू व प्रशिक्षक हुज्जत घालू लागले आणि सुमारे तासभर खेळ थांबला. भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्या दिवशी प्रशिक्षकांना आवरण्यासाठी कार्डे पुरली नसती, कारण कोणता नियम लागू आहे हेच पंचांना ठामपणे सांगता येत नव्हते, आणि प्रत्येक फिरलेल्या निर्णयागणिक आणखी थोडे ओरडून पाहायला बाकांना सबळ कारण मिळत होते.

वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डीत शंकास्पद निर्णयाचे चित्रण पुन्हा तपासण्याची मागणी करण्याची सोय पुढे आली, आणि प्रशिक्षकाच्या रागाला एक रीतसर वाट मिळाली. परळ-लालबागच्या मैदानांवर, जिथे प्रेक्षक दोरीला रेलून उभे असतात, तिथे अशी वाट सहसा नसते. तिथे सामना सुरू होण्यापूर्वी सरपंचाने दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बोलावून, एकाच शब्दांत, काय चालेल आणि काय चालणार नाही हे सांगणे, आणि पहिल्या चढाईपासून त्याप्रमाणे वागणे, एवढेच साधन हाताशी उरते.