कर्तव्य, गरज आणि सक्ती : स्पॅनिश भाषेच्या निमित्ताने

‘मी गेले पाहिजे’ आणि ‘मला जावे लागते’ ही वाक्ये आपण रोज बोलतो. परंतु त्यांतील भेदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पहिल्यात माणूस स्वतःला बजावतो. दुसऱ्यात परिस्थिती त्याला ढकलते. आमच्या वऱ्हाडी बोलीत हेच ‘जा लागते’ असे होते. परकी भाषा शिकू लागले म्हणजे असे भेद डोळ्यांत भरतात. म्हणून आज आपण सुमारे वीस देशांची राजभाषा असलेल्या स्पॅनिशकडे वळू.

स्पॅनिशमध्ये ‘मला जावे लागते’ यास ‘तेंगो के इर’ म्हणतात. ‘तेनेर’ म्हणजे जवळ असणे. जाण्याचे काम जणू अंगावर आहे. ‘मी गेले पाहिजे’ यास ‘देबो इर’ म्हणतात. हे ‘देबेर’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आले, त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. आपणही ‘समाजाचे देणे लागतो’ असे म्हणतोच. कर्तव्य म्हणजे ऋण, ही कल्पना दोन्हीकडे शब्दांत मुरलेली आहे. तिसरा प्रकार ‘आय के इर’. यात कर्ताच नाही. जायला हवे, मग कोणीही जावो. सार्वजनिक कामाची पुष्कळशी चर्चा याच प्रयोगात होते आणि काम तसेच राहते!

भूतकाळात भेद अधिक उघड होतो. ‘तुबे के इर’ म्हणजे ‘जावे लागले’; तो माणूस गेला, हे निश्चित. ‘तेनिआ के इर’ म्हणजे ‘जायचे होते’. गेला की नाही, ते कळत नाही. नकारात तर जपलेच पाहिजे. ‘नो तेंगो के इर’ याचा अर्थ सामान्यतः ‘मला जाण्याची गरज नाही’. ‘नो देबो इर’ म्हणजे ‘मी जाऊ नये’. औषधासंबंधी सूचना वाचताना ‘घेण्याची गरज नाही’ आणि ‘घेऊ नये’ यांत घोटाळा झाला, तर तो जिवावर बेतेल.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. 1951 साली विनोबा आपल्या पवनारहून पायी तेलंगणात गेले आणि तेथे भूदान सुरू झाले. जमीनवाल्यांना त्यांचे सांगणे होते, ‘जमीन दिली पाहिजे.’ 1961 साली महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. त्याची भाषा होती, ‘जादा जमीन द्यावी लागेल.’ एक ‘देबेर’, दुसरे ‘तेनेर के’. जमीन तीच, देणाराही कदाचित तोच. परंतु पहिल्या वाक्यात ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक त्याला आहे, दुसऱ्यात नाही. पहिल्याचे यश देणाऱ्याच्या मनावर अवलंबून, दुसऱ्याचे अंमलबजावणीवर.

समाजाला दोन्ही प्रयोग लागतात. मात्र सक्तीला कर्तव्याचे गोड नाव दिले जाते, किंवा कर्तव्य टाळण्यासाठी ‘कायद्याने कोठे लागते?’ असे विचारले जाते, तेव्हा सावध व्हावे. क्रियापद नीट ऐकण्याची सवय हा स्पॅनिश शिकण्याचा लहानसा लाभ नव्हे, असे आम्हांस वाटते.