विट्टुम : मध्ययुगीन जर्मन कुलस्त्रीचे विधवाधन

जर्मन भाषेत विधवेला 'विट्वे' असे म्हणतात, आणि पतीच्या पश्चात तिच्या निर्वाहासाठी लावून दिलेल्या मालमत्तेला जुन्या विधिव्यवहारात 'विट्टुम' ही संज्ञा होती. दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले असावेत असे कोणासही सहज वाटेल. वस्तुतः तसे नाही. 'विट्वे' हा संस्कृत 'विधवा' शब्दाचा सगोत्र होय. 'विट्टुम' हा मात्र प्राचीन उच्च जर्मनमधील 'विदोमो' या शब्दापासून आला असून, वराने वधूच्या पालकास द्यावयाचे शुल्क हा त्याचा मूळ अर्थ. (कित्येक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध 'वधू'शी जोडतात, परंतु तो निर्विवाद मानता येत नाही.) पित्याच्या पदरी पडणारे हे द्रव्य मध्ययुगात विधवेच्या निर्वाहाचे साधन बनले. अर्थ पालटल्यावर लोकांनी 'विट्वे'शी त्याची सांगड घातली, ती ध्वनिसाम्यामुळेच.

हा अर्थबदल समजण्यासाठी 'मुंट' हा दुसरा शब्द पाहिला पाहिजे. मुंट म्हणजे पालकत्वाचा अधिकार. लॅटिन 'मानुस', म्हणजे हात, या शब्दाशी त्याचे नाते आहे. आजच्या जर्मनमधील 'फोरमुंट' (पालक) या शब्दात तो टिकून आहे. कन्या पित्याच्या मुंटमधून पतीच्या मुंटमध्ये जाई. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फॉन रेपगो याने सिद्ध केलेल्या 'साक्सेनश्पीगेल' या विधिग्रंथानुसार विवाहाबरोबर पत्नीची मालमत्ताही पतीच्या ताब्यात येई. त्याच ग्रंथात 'मॉर्गेनगाबे', म्हणजे प्रभातदान, सांगितले आहे. विवाहानंतरच्या सकाळी भोजनास बसण्यापूर्वी सरदारकुलातील पतीने पत्नीस एक अल्पवयीन दास, एक अल्पवयीन दासी, घर व गुरे द्यावीत; त्यासाठी वारसांची अनुमती लागत नसे. स्त्रीकडून स्त्रीकडेच जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत मेंढ्या, हंस, अंथरूण-पांघरूण यांबरोबर स्त्रियांच्या वाचनातील धर्मग्रंथही आहेत. कुलीन स्त्रिया वाचीत असत, याची ही विधिकाराने अनवधानाने दिलेली साक्ष होय.

परंतु विधिग्रंथात लिहिलेले हक्क विधवेच्या हाती पडतच असत काय? थुरिंगियाच्या एलिझाबेथचे चरित्र या दृष्टीने बोलके आहे. ती हंगेरीचा राजा दुसरा आंद्रे याची कन्या, जन्म 1207. तिचे वाग्दान थुरिंगियाच्या लांडग्राफ घराण्यात झाले, आणि 1211 मध्ये, चार वर्षांची असताना, तिला सासरच्या दरबारी पाठविण्यात आले. 1221 मध्ये चौथ्या लुडविगशी तिचा विवाह झाला. विवाह राजकारणातून ठरला असला, तरी त्या दोघांत खरा स्नेह होता, असे तिच्या सख्यांच्या जबान्यांवरून दिसते. 1227 च्या सप्टेंबरात धर्मयुद्धास निघालेला लुडविग इटलीतील ओट्रांटो येथे ज्वराने मरण पावला. त्यानंतर काही दिवसांतच एलिझाबेथला तिसरे अपत्य झाले; तेव्हा ती वीस वर्षांची होती.

दीर हाइनरिख रास्पे याने तिच्या विधवाधनाचा ताबा दिला नाही. तिला वार्टबुर्गमधून घालविण्यात आले की ती स्वतः निघाली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. हक्क नाकारला गेला, याविषयी नाहीत. मामा बांबेर्गचा बिशप; त्याला तिचा पुनर्विवाह हवा होता. तिने तो नाकारला. अखेर पोपने नेमलेला संरक्षक, मारबुर्गचा कॉन्राड, याच्या मध्यस्थीने 2000 मार्क आणि मारबुर्ग येथील जमिनीचा हयातीपुरता उपभोग तिला मिळाला. त्यातून तिने 1228 मध्ये रुग्णालय उभारले व स्वतः रोग्यांची शुश्रूषा केली. मुंटमधून सुटलेली ही स्त्री आता कॉन्राडच्या आज्ञेत होती. गुडा व इझेनट्रुड या जुन्या सख्यांनाही त्याने तिच्यापासून दूर केले, आणि ही शिस्त कठोर होती असे म्हटल्यावाचून राहवत नाही. 1231 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. 1235 मध्ये तिला संतपद देण्यात आले.

तिची कन्या सोफी ब्राबांटच्या ड्यूकला दिली होती. 1248 मध्ये तीही विधवा झाली, आणि हाइनरिख रास्पे निपुत्रिक वारल्यामुळे आपल्या अल्पवयीन पुत्रासाठी तिने मातामहाच्या नव्हे, पित्याच्या घराण्याच्या प्रदेशावर हक्क सांगितला. हा कलह 1264 पर्यंत चालला, व हेसेन हा प्रदेश तिच्या पुत्राकडे आला. त्या काळातील लेखांत ती स्वतःस एलिझाबेथची कन्या म्हणविते.