डब्यातली पाकातली रताळी : पोषण किती आणि पाक किती?



महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात कारखान्याच्या कामासाठी आम्हाला नवी मुंबईला जावे लागले. मुक्काम कोपरखैरण्याला, आपल्याच एका ऊस उत्पादक सभासदाच्या मुलाकडे होता. मुलगा वाशीच्या बाजार समितीत कामाला आहे. सभासद स्वतःही औषधपाण्यासाठी तिथेच आले होते. रात्री जेवणे झाल्यावर सूनबाईंनी एक पत्र्याचा डबा आमच्यापुढे ठेवला. अमेरिकेहून कोणा नातेवाइकाने आणलेला, पाकातल्या रताळ्यांचा. त्या म्हणाल्या, "साहेब, यात व्हिटॅमिन फार असतं म्हणतात. पोरांना देऊ का? आणि मामांना शुगर आहे, त्यांना उपासाला चालेल का?"

प्रश्न एका डब्याचा होता, पण दोन ताटांचा होता. तेव्हा अर्धेमुर्धे उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. आता पुरते देतो, कारण अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात पुष्कळ आहेत.

प्रथम डब्यात असते काय ते पाहू. तिकडे त्याला 'याम' म्हणतात, पण खरे याम म्हणजे आपल्याकडचे कोनफळ. हे रताळेच, फक्त आतून केशरी. साल काढून फोडी करतात, साखरेच्या पाकात बुडवून डबा हवाबंद करतात आणि दाबाखाली, उकळत्या पाण्याहून जास्त उष्णतेवर शिजवतात. रताळ्यात आंबटपणा जवळजवळ नाही, त्यामुळे नुसत्या उकळीने त्यातले घातक जंतू मरत नाहीत. म्हणूनच घरी बाटलीत भरून असला प्रयोग कोणी करू नये. जीवावर बेतेल.

आता पोषण. ताज्या केशरी रताळ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८६ उष्मांक, २० ग्रॅम पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ, ३ ग्रॅम तंतू आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने असतात. पाकातून निथळून काढलेल्या फोडी तेवढ्याच वजनाच्या घेतल्या तर उष्मांक सुमारे १०८ आणि पिष्ट-शर्करा २५ ग्रॅमवर जाते. तंतू तेवढेच राहतात. पोटॅशियम मात्र ३३७ मिलिग्रॅमवरून १९३ वर येते. ते कुठे गेले? काही सालीबरोबर व धुण्यात, काही पाकात उतरले. पाण्यात विरघळणारे जे जे, ते असेच जाते. क जीवनसत्त्वाला तर उष्णतेचाही मार बसतो.

केशरी रंग हा कॅरोटीनचा. शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व होते, ज्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते पाकात फारसे उतरत नाही. शिजवताना काही घटते, तरी फोडीत पुष्कळसे टिकते. तेव्हा सूनबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण एक मेख आहे बरं का! हा गुण केशरी गराचा आहे. आपल्या बाजारातल्या, आतून पांढऱ्या रताळ्यात कॅरोटीन नगण्य असते, मग ते ताजे असो की डब्यातले. शिवाय कॅरोटीन अंगी लागायला थोडे तूप-तेल बरोबर लागते. आपल्या आज्या काप तुपावर परतत, ते चवीसाठी असेल, पण केले बरोबर.

आता पाकाकडे येऊ. तो तर आपल्या घरचा विषय. उसाची पक्वता पाहायला आम्ही फडात नेतो तो हात-रिफ्रॅक्टोमीटर योगायोगाने बॅगेत होता. डबा फोडल्यावर पाकाचा थेंब त्यावर टाकला. ब्रिक्स भरला २० च्या आसपास, म्हणजे तोडणीला आलेल्या उसाच्या रसाएवढा! मुलांना मोठी गंमत वाटली. डबा ४२५ ग्रॅमचा. त्यात दीडशे ग्रॅम पाक धरला तर नुसत्या पाकातच ३० ग्रॅमच्या घरात साखर आली. (सगळा ब्रिक्स साखरेचा नसतो हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून थोडी वजावट धरा.) जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या एक दशांशाच्या आत असावी. २००० उष्मांक खाणाऱ्याला ही मर्यादा ५० ग्रॅम पडते. चहाची, लाडवाची साखर त्यातच आली.

पाक ओतून दिला म्हणजे सुटलो, असेही नाही. डबा महिनोन् महिने पडून असतो. तेवढ्यात पाकातली साखर फोडीत शिरते आणि बाहेर-आत गोडी सारखी होत जाते. निथळल्याने फायदा होतो, पण निम्माच. आणखी एक, डब्यावरच्या निव्वळ वजनात पाकाचेही वजन असते. रताळे म्हणून आपण पाकाचे पैसे मोजतो.

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या अंकात साखरेविरुद्ध लिहिता? साखर खपली तर आपलेच बिल निघणार, हे आम्हाला कळते. पण सभासदाच्या घरात मधुमेह असताना त्याला साखर मोजून न सांगणे हे आमच्या खात्याला शोभत नाही. सणासुदीला सवलतीच्या साखरेचे पोते घरात आले की हात सैल सुटतो, हे आम्ही स्वतःच्या घरीही पाहतो. आणि पाकातले काप गुळात केले म्हणजे चालतात, हा समजही सोडावा. मधुमेहाला गूळ आणि साखर यांत फरक नाही.

गंमत अशी की ज्या दिवशी डबा टेबलावर होता, त्याच दिवशी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात उपवासासाठी ताज्या रताळ्यांची आवक चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः जाऊन दोन किलो आणली. सभासदांना एक मध्यम रताळे सालीसकट उकडून दिले, साखर न घालता, आणि त्या वेळचा साबूदाणा बंद. उकडलेले बरे, कारण भाजताना रताळ्यातल्या पिष्टाची हळूहळू माल्टोज साखर होते आणि रक्तातली साखर लवकर चढते. तेही डॉक्टरांना विचारूनच. मुलांना डब्यातल्या निथळलेल्या दोन-दोन फोडी, तुपावर परतून. उरलेल्या फोडी स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवायला सांगितल्या, पत्र्यात ठेवू नयेत.

केशरी रताळे डब्यातूनच आणावे लागते असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने 'भू सोना' ही केशरी गराची जात दिली आहे. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम कॅरोटीन असते. खोडवा मोडलेल्या रानात, निचऱ्याच्या जमिनीत घरापुरते दोन गुंठे करून पाहावे. वेलाचे फाटे लावून साधारण चार महिन्यांत पीक निघते आणि वेल जनावरांना चालतो. उभ्या उसात मात्र आंतरपीक म्हणून घेऊ नका, वेल उसावर चढतो आणि भांगलणीला, बांधणीला अडचण होते. सोंड्या भुंग्याने पोखरलेले कंद कडू होतात, ते खाऊ नयेत.

ज्यांना लागणीसाठी फाटे हवे असतील त्यांनी आपल्या गट ऑफिसात चीटबॉयकडे नाव व गुंठे नोंदवावेत. नोंद किती होते ते पाहून आम्ही बेण्यासाठी पत्रव्यवहार करू.