हिरवं दिसलं, पण दाणा भरला का?

माझं माहेर देवासचं, सासर धारचं. दोन्ही पवारांची जुनी संस्थानं, दोन्हीकडे माळव्याची काळी माती, आणि होळीच्या सुमारास दोन्ही घरांत एकच प्रश्न : यंदा गहू किती उतरणार?

2022 च्या फेब्रुवारीत कृषी शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं देवासच्या शेताचं उपग्रहचित्र मोबाइलवर दाखवलं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची ही चित्रं साधारण पाच दिवसांनी येतात आणि कुणालाही फुकट पाहता येतात. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या हिशेबातून पिकाचा जोम कळतो.

बाबांचे शेताचे दोन तुकडे आहेत. विहिरीजवळच्या तुकड्यात गहू नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरला होता. दुसऱ्यात सोयाबीन उशिरा निघालं, त्यामुळे पेरणी डिसेंबरात गेली. चित्रात मात्र दोन्ही सारखेच हिरवेगार! मी म्हटलं, "बाबा, यंदा चांगलं पिकणार." ते एवढंच म्हणाले, "दाणा भरू दे आधी."

मग मार्च उजाडला. देशातल्या 122 वर्षांच्या नोंदींतला तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. विहिरीजवळचा गहू तोवर पिकून तयार होता, तो वाचला. उशिराच्या तुकड्यात दाणा अजून दुधात होता. उन्हानं पीक घाईनं पिकलं, दाणा चिमला आणि पोती कमी भरली.

देशाचंही तेच झालं. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज 11.13 कोटी टनांचा होता, शेवटचा आकडा 10.77 कोटींवर आला. मधल्या काळात, 13 मे रोजी, गव्हाच्या निर्यातीवर बंदीही आली.

म्हणूनच उपग्रहाच्या जोडीला हवामान लागतं. देशात 2006 पासून चाललेल्या 'फसल' प्रकल्पात उपग्रहावरून पेरा मोजतात, तापमान आणि पावसावरून उतारा काढतात, आणि शेतात ठरावीक मापाचा तुकडा कापून दाणे तोलतात. 2012 मध्ये दिल्लीत या कामासाठी केंद्र उभं राहिलं. त्याला नाव दिलंय प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं, ज्यांनी पीककापणीच्या नमुना पाहणीला शास्त्रीय पाया दिला.

हे आता नुसतं कुतूहल उरलेलं नाही. मध्य प्रदेशात पीकविम्यासाठीही उत्पन्न याच तंत्रानं ठरवायला सुरुवात झाली आहे. तेव्हा पेरणीची तारीख आणि दाणा भरतानाचं ऊन हिशेबात नसेल, तर बाबांच्या दुसऱ्या तुकड्यासारखं शेत कागदावर हिरवंच राहील.

धारला सासरे अजूनही ओंबी तळहातावर चोळतात, दाणा दाताखाली फोडून पाहतात. आता भाचा त्यांना आधी तापमानाचा तक्ता वाचून दाखवतो. सासरे ऐकून घेतात आणि मग ओंबी तोडायला शेतात उतरतात.